वीसवर डबल

मिरेनने टेबलाखाली आपला उजवा गुडघा हाताने दाबून धरला. गेले चार डाव तो एकसारखा हलत होता, आणि त्या ठेक्यावर शेजारच्या ऑरविलच्या ग्लासातला बर्फ किणकिणत होता.

"खालून मालगाडी जातेय का?" ऑरविलने विचारलं. "चाळीस वर्षं इंजिन चालवलं, पण इतके हादरे खाल्ले नाहीत."

"सॉरी."

"असू दे गं. तुझ्या बापासमोर बसलं की सगळ्यांचंच असं होतं. मी बारा वर्षं बसतोय आणि बारा वर्षं हरतोय."

बाप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. फर्मिन उरिआर्ते, वय चौऱ्याऐंशी, अंगात चर्चला घालायचा करडा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. समोर चिप्सच्या राशी अशा रचलेल्या, की वरून सुरी फिरवली तरी एकही चिप हलू नये. त्याला हे बोलणं ऐकू आलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. हल्ली त्याला हवं तेवढंच ऐकू येई.

"तेविसावा डाव," डार्ला म्हणाली आणि पत्ते वाटू लागली. तिचे हात पाण्यासारखे चालत. या टेबलावरच्या सगळ्यांना ती वीस वर्षं ओळखत होती, पण पत्ते वाटताना ओळख दाखवायची नाही असा तिचा शिरस्ता होता.

रविवारची सकाळ होती. एल्कोतली अर्धीअधिक म्हातारी माणसं चर्चमधून थेट सिल्व्हर सेज कसिनोत आली होती. वर्षातून एकदा इथे ब्लॅकजॅकची स्पर्धा होई; पत्त्यांची बेरीज एकविसाच्या वर जाऊ न देता पत्ते वाटणाऱ्यापेक्षा मोठी करायची, असा हा खेळ. प्रत्येकाला तीन हजारांच्या चिप्स मिळत; दाराबाहेर त्यांना कवडीचीही किंमत नव्हती. पंचवीस डाव खेळायचे, आणि शेवटी ज्याची रास मोठी तो एकटा आपल्या टेबलावरून पुढे, नोव्हेंबरात रीनोला. तीन नंबरच्या टेबलावर पाचजण बसले होते. सॅक्रामेंटोहून आलेलं जोडपं अकराव्या डावापर्यंत धुऊन निघालं. ऑरविलकडे आता चारशेच्या चिप्स उरल्या होत्या आणि त्याचं सगळं लक्ष खेळानंतरच्या जेवणाकडे लागलं होतं. उरले बाप आणि लेक.

आणि आज नुसतं रीनो पणाला लागलेलं नव्हतं.

सकाळी भिंतीवर यादी लागली तेव्हा दोघांची नावं एकाच टेबलावर निघाली. फर्मिन यादीपुढे बराच वेळ उभा राहिला. मग वळून म्हणाला,

"मिरेन, तुझं ते बॉइसीचं."

"आत्ता नको, पापा."

"आत्ताच. आज तू माझ्यापुढे गेलीस, तर बर्फ पडायच्या आत मी तुझ्याकडे राहायला येतो. घराला कुलूप. मी पुढे गेलो, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. फोनवर नाही, तुझ्या नवऱ्याकडून नाही, पाद्रीबाबांच्या तोंडून तर मुळीच नाही."

"हा काय जुगार आहे का?"

"मग आपण उभे कुठे आहोत?"

तिला हसू आलं होतं, आणि हसता हसता तिने हात पुढे केला होता. उरिआर्त्यांच्या घरात हात मिळवला की कागद लागत नसे. खुर्चीवर बसल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. दोन वर्षं ती ज्या गोष्टीसाठी बापाच्या विनवण्या करत होती, ती आता पंचवीस डावांवर आली होती. हरली तर तोंड शिवून घ्यावं लागणार होतं.

ऑगस्टमध्ये फर्मिन मागच्या अंगणात पडला. दुपारी बारापासून टपालवाली येईपर्यंत, म्हणजे चार वाजेपर्यंत, तिथेच पडून होता. "ऊन छान होतं," एवढंच तो नंतर म्हणाला. तेव्हापासून मिरेन रोज तीनदा फोन करी. सहा रिंग होऊनही तो उचलला गेला नाही, की ती गाडीची किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहायची आणि मनातल्या मनात चार तासांचा रस्ता मोजायची. शुक्रवारी ती एल्कोला आली तर बापाने आपली खाट ओढत आणून स्वयंपाकघरात, चुलीजवळ, फोनच्या खाली मांडलेली. "लाकडं वाचतात," तो म्हणाला. रात्री तिला जाग आली तेव्हा घरातले झाडून सगळे दिवे लागलेले होते. सकाळी विचारलं तर म्हणे, "बल्ब स्वस्त झालेत." सुंभ जळेल, पण पीळ जाईल तर शपथ.

तेविसाव्या डावात दोघंही जिंकली. चोविसाव्यात फर्मिनने थोडं घालवलं. मिरेनचा गुडघा पुन्हा सुरू झाला.

तिला जिंकायचं होतं, यात काही खोटं नव्हतं. पण मधे दोनदा तिची रास बापाच्या राशीपेक्षा मोठी झाली, आणि दोन्ही वेळा तिला वाटलं, आपण त्याच्या घराची कौलं उतरवतोय. मग पुढच्या डावात ती मागे पडे आणि मनात येई, आता फोन, किल्ली, फोन, किल्ली, जन्मभर. दोन्हीकडे तिला चैन पडेना.

"चला, शेवटचा डाव," डार्ला म्हणाली. तिने लाकडी चकती फर्मिनपुढे ठेवली. चकती ज्याच्यापुढे, त्याने आधी चिप्स लावायच्या. मग ऑरविल, आणि सगळ्यांत शेवटी मिरेन.

मिरेनने राशी मोजल्या. दुसऱ्याच्या चिप्सना हात लावायचा नाही, विचारायचं नाही, डोळ्यांनीच मोजायचं, असा इथला नियम. जांभळी पाचशेची, काळी शंभराची, हिरवी पंचवीसची. बापाकडे बेचाळीसशे पन्नास. तिच्याकडे एक्केचाळीसशे. दीडशेने तो पुढे.

हे मोजणं तिला त्यानेच शिकवलं होतं. ती दहा वर्षांची असताना, स्वयंपाकघरात, राजम्याचे दाणे मांडून. घरच्या खेळात पत्ते वाटणाऱ्याशी लढायचं असतं, तो म्हणे, आणि स्पर्धेत शेजाऱ्याशी. डबल केव्हा करावं? डबल म्हणजे आपण लावलेल्याच्या जोडीला आणखी तितक्याच, किंवा त्याहून कमी चिप्स लावायच्या, आणि एकच पत्ता घ्यायचा. पुढे काही मागायचं नाही. कसिनोतला कुणीही सांगेल, पत्त्यांची बेरीज अकरा असेल तेव्हा कर. "ते पैशाने खेळणाऱ्यांसाठी," फर्मिन म्हणे. "स्पर्धेत आधी शेजाऱ्याची रास बघायची, मग आपले पत्ते. वेळ आली तर वीसवरसुद्धा डबल करावं लागतं." वीसवर आणखी पत्ता घ्यायचा म्हणजे एक्क्याशिवाय काहीही आलं तरी एकविसाच्या वर जाऊन मरण. म्हणून त्याने अटही सांगितली होती: डाव शेवटचा असला, आपण मागे असलो आणि दुसरी वाट नसली, तरच.

आणि मोजण्याच्या बाबतीत त्याचा शब्द गावात शेवटचा होता. सोळाव्या वर्षी तो स्पेनमधल्या आपल्या डोंगरातून मेंढ्या राखायला इथे आला. मेंढ्या विकताना त्यांना अरुंद फाटकातून सोडत, आणि दोन बाजूंना दोन माणसं मोजायला उभी राहत, एक विकणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. आकडे जुळले नाहीत तर सगळा कळप पुन्हा फाटकातून. पण फर्मिन मोजणार असला तर घेणारे आपला माणूस आणायचेच नाहीत. तीन हजार मेंढ्या धुळीत उधळत गेल्या तरी त्याच्या आकड्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. बाकी त्याच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं, आणि तो मिरवायचाही नाही. पण कुणी हिशेब चुकला की त्याची एक भुवई वर जायची, आणि ती भुवई सगळ्या एल्कोला ठाऊक होती.

फर्मिनने एक जांभळी चिप पुढे सरकवली. पाचशे.

ऑरविलने आपले चारशे एकदम ढकलले. "उरवून काय पूजा करायचीय?"

मिरेनने पुन्हा एकदा मनात हिशेब केला. बाप जिंकला तर सत्तेचाळीसशे पन्नास. त्याच्यापुढे एका चिपने जायचं तर तिला सहाशे पंच्याहत्तर लावायला हवे होते. तिने एक जांभळी, एक काळी, तीन हिरव्या मोजून ठेवल्या. त्याने शिकवलं होतं तसंच. फर्मिनने तिच्या चिप्सकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

डार्लाने पत्ते वाटले. इथे सगळ्यांचे पत्ते उघडे पडत. फर्मिनला राजा आणि राणी, वीस. ऑरविलला नव्वी आणि पंजी. मिरेनला दश्शी आणि छक्की, सोळा. डार्लाने स्वतःपुढे एक पत्ता झाकून ठेवला आणि वर गुलाम पडला, म्हणजे दहा. तिने झाकलेल्या पत्त्याचा कोपरा उचलून पाहिला, मान हलवली. तिच्याकडे थेट एकवीस नव्हते. खेळ पुढे चालू.

मिरेनचा गुडघा आपोआप थांबला. संपलं. सोळासारखा करंटा हात दुसरा नाही. पत्ता घ्या, मरा. न घ्या, डार्लाच्या दहासमोर मरा. आणि बापाकडे वीस. त्याने फक्त तळहात हलवून 'नको' म्हणायचं होतं. ती हरली होती, आणि त्याच वेळी, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं, तिला जरा हलकंही वाटलं.

फर्मिनने तळहात हलवला नाही. त्याचा हात राशीकडे गेला. त्याने तीन काळ्या चिप्स उचलल्या, मग दोन हिरव्या, आणि त्या जांभळ्या चिपच्या शेजारी मांडल्या.

"डबल," तो म्हणाला.

डार्लाचे हात आयुष्यात पहिल्यांदाच अडले असतील.

"फर्मिन, तुमचे वीस आहेत."

"दिसतंय मला."

"वीसवर डबल?"

"साडेतीनशे. नियमात बसत नाही का?"

"बसतं." तिने मागे वळून देखरेख करणाऱ्या माणसाला हात केला. तो आला, पत्ते पाहिले, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं, म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नक्की हेच करायचंय ना?"

"मी बहिरा आहे, वेडा नाही. पत्ता दे."

पत्ता आला. डबलवरचा पत्ता झाकलेलाच द्यायचा आणि डावाच्या शेवटी उघडायचा, ही या भागातली रीत. डार्लाने तो चिप्सच्या खाली सरकवला.

"अरे देवा," ऑरविल पुटपुटला. मागे उभ्या असलेल्या दोनचार जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजरा जमिनीकडे वळवल्या. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती, पण फर्मिनला नाही.

मिरेनने बापाच्या राशीकडे पाहिलं. तो पुढे होता. दीडशेने पुढे होता, आणि त्याला ते कळलं नव्हतं. आपण मागे आहोत असं समजून त्याने वीस मोडले. डॉक्टरांनी गेल्या वर्षी विचारलं होतं, "हिशेबात वगैरे गोंधळ होतो का?" तेव्हा ती खुर्चीतल्या खुर्चीत हसली होती. आता हसू नव्हतं. तिला हवं ते घडत होतं, आणि ते असं घडायला नको होतं.

ऑरविलने पत्ता मागितला, राणी आली, चौदाचे चोवीस झाले. डार्लाने त्याच्या चिप्स उचलल्या.

"मिरेन," डार्ला म्हणाली. "तुझे सोळा. तीस सेकंद."

मिरेन चिप्सकडे बघत होती. स्वतःच्या नव्हे, बापाच्या. काहीतरी खुपत होतं. साडेतीनशे का? आपण मागे पडलोय असं ज्याला वाटतं तो माणूस अख्खे पाचशे ढकलतो. घाबरलेला तर ढकलतोच ढकलतो. तीन काळ्या आणि दोन हिरव्या मोजून कोण काढतं?

तिने वजाबाकी केली. हा पत्ता वाईट आला, आणि तो वाईटच येणार, तर त्याचे पाचशे आणि साडेतीनशे जाणार. बेचाळीसशे पन्नासातून साडेआठशे. उरले चौतीसशे.

मग स्वतःची. ती हरली तर एक्केचाळीसशेतून सहाशे पंच्याहत्तर. उरले चौतीसशे पंचवीस.

एका हिरव्या चिपने ती पुढे. हरूनसुद्धा.

तिने पुन्हा मोजलं. त्याने सव्वातीनशे लावले असते तर बरोबरी झाली असती आणि आणखी एक डाव खेळावा लागला असता. पाचशे लावले असते तर कुणालाही संशय आला नसता, पण तो पाचशे लावणारा माणूस नव्हता. लागतील तेवढेच, एकही जास्त नाही. त्याने तिची रास मोजली होती, आपली मोजली होती, तिने लावलेले मोजले होते, आणि फाटकातून मेंढ्या सोडाव्यात तशी एकेक चिप मोजून हरायला काढली होती. फक्त एक्का आला तर बेत फसणार होता. तेवढं त्याने देवावर सोडलं होतं.

म्हणजे त्याला यायचं होतं.

चुलीजवळची खाट, घरभर लागलेले दिवे. तो घाबरला होता. आपल्या घरात, एकटा, रोज रात्री घाबरत होता, आणि हे सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायचं कसं हे त्याला ठाऊकच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं त्याने पैजेच्या मागे स्वतःला लपवलं होतं. येण्यासाठी त्याला हरणं हवं होतं.

की हा सगळा आपल्याच मनाचा खेळ? तिला खात्री वाटेना. कदाचित तो नुसता दमला असेल. कदाचित तिच्या फोनांना, तिच्या विनवण्यांना कंटाळून त्याने हात टेकले असतील. तसं असेल तर हे घर ती त्याच्याकडून हिसकावून घेत होती, आणि ते परत करण्याची वाट अजून उघडी होती. तिनेही डबल करायचं. सोळावर आणखी सहाशे पंच्याहत्तर. पत्ता वाईट आला की तिची रास सत्तावीसशे पन्नासांवर येणार, बाप जिंकणार, घर राहणार, खाट राहणार.

तिचा हात चिप्सवर गेला. एक जांभळी. एक काळी.

"दहा सेकंद," डार्ला म्हणाली.

मिरेनने बापाकडे पाहिलं. तिची बोटं चिप्सवर आहेत हे त्याला दिसत होतं. त्याचा तळहात टेबलावर पसरलेला होता आणि बोटं हिरव्या कापडाला घट्ट चिकटली होती, नखं पांढरी झाली होती. एक खेळाडू दुसऱ्याला सल्ला देऊ शकत नाही. तेवढ्यावरून स्पर्धेतून काढतात. फर्मिनने घसा साफ केला.

"मिरेन," तो म्हणाला, "लोकांना जेवायला जायचंय."

आवाज नेहमीचाच होता, खरखरीत, थोडा चिडका. पण त्याखाली जे होतं ते तिने याआधी फक्त एकदा ऐकलं होतं, तिची आई गेली तेव्हा, दवाखान्याच्या दारात. "मिरेन, गाडी कुठे लावलीय?" असं काहीतरी साधंच विचारलं होतं त्याने, आणि तिला कळलं होतं की आता याला हाताला धरून न्यायला हवं.

तिने चिप्स सोडल्या. तळहात कापडावरून आडवा फिरवला.

"नको. एवढेच."

डार्लाने आपला झाकलेला पत्ता उलटा केला. नव्वी. एकोणीस. तिने मिरेनचे सहाशे पंच्याहत्तर ओढून घेतले. मग फर्मिनच्या चिप्सखालचा पत्ता काढला आणि उघडला. किलवर छक्की. सव्वीस.

"गेले," ती म्हणाली, आणि तिच्याच्याने त्या चिप्स चटकन उचलवेनात.

मोजणी झाली. मिरेन उरिआर्ते-कोल, तीन हजार चारशे पंचवीस. फर्मिन उरिआर्ते, तीन हजार चारशे. देखरेखवाल्या माणसाने दोनदा मोजलं आणि कागदावर सही केली.

"एका चिपने," कुणीतरी मागे म्हणालं.

"नुसता गप्प बसला असता तरी."

"शू."

फर्मिन उठला. त्याने हात पुढे केला आणि मिरेनने तो हातात घेतला. थंडगार होता. तिला वाटलं, आता तरी तो डोळ्यांत बघेल, एखादी खूण देईल. भुवई वर करील. त्याने काही केलं नाही.

"बर्फ पडायच्या आत, असं बोललो होतो," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

"वीसवर डबल, पापा?"

ते तिच्या तोंडून निघून गेलं. तिला खरं तर ऐकायचं होतं. त्याने एकदा, तिच्यापुरतं, सांगावं असं तिला फार वाटलं.

"राशी बघताना चुकलो," फर्मिन म्हणाला. "म्हातारा झालो." आणि तो कोट घ्यायला भिंतीकडे गेला.

त्याच्या वाटेतून माणसं बाजूला होत होती. खाणीतला जुना मुकादम, औषधांच्या दुकानातली बाई, चर्चमध्ये बाजा वाजवणारा, सगळे त्याच्याशी नको इतक्या गोड आवाजात बोलत होते. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फर्मिनच्या पाठीवर हात ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्याने तोही सोसला.

कोटाच्या खुंट्यांपाशी ऑरविलने मिरेनला गाठलं. म्हाताऱ्या इंजिनवाल्याचे डोळे ओले होते, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"नेतेयस ना त्याला? बरं करतेयस," तो म्हणाला. "साठी बुद्धी नाठी म्हणतात. हा चौऱ्याऐंशीपर्यंत टिकला हेच खूप झालं. पण पुढे होता गं तो. दीडशेने पुढे होता. मला दिसत होतं. मला, म्हणजे बघ. आणि त्याला दिसलं नाही." त्याने नाक पुसलं. "तीन हजार मेंढ्या मोजायचा हा माणूस. आता मोजता येत नाही त्याला, नाही का?"

फर्मिन दोन हातांच्या अंतरावर पाठमोरा उभा होता. त्याचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता आणि तिथेच थांबला होता.

मिरेनच्या जिभेवर साडेतीनशेचा आकडा आला होता. एका वाक्याचं काम होतं. ऑरविलने ते जेवणाच्या टेबलावर, सूप यायच्या आत, सगळ्या एल्कोला सांगितलं असतं, आणि पाठीवर ठेवलेले ते सगळे हात चटके बसल्यासारखे मागे गेले असते. आणि मग कुणीतरी विचारलं असतं, की मग मुद्दाम हरला का?

"हो," मिरेन म्हणाली. ऑरविलपुरतं बोलून भागणार नव्हतं. बापाला हल्ली कमी ऐकू येई. तिने आवाज चढवला. "मोजता येत नाही आता त्यांना."

बाहीत थांबलेला हात पुढे सरकला, आणि कोट अंगावर चढला.